सत्पात्री विश्वास

दान सत्पात्री असावे, असा आपल्याकडे दंडक आहे. देणाऱ्याने हात मोकळा सोडला एवढ्याने त्याचे कर्तव्य संपत नाही; कोणाला दिले, कोठे दिले आणि कोणत्या वेळी दिले याचा विवेक त्यानेच करावयाचा असतो. गीतेने सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिन्हींचा उल्लेख केला आहे तो याच कारणाने. परंतु चार रुपये देताना पात्रापात्रता पाहणारे आपण, त्याहून कितीतरी मोलाची एक वस्तू मात्र फारसा विचार न करता देऊन टाकतो. ती वस्तू म्हणजे विश्वास. अंथरुणाला खिळलेली आई, उपजताच अशक्त निघालेले मूल, स्मृती हरपलेले वडील यांना जेव्हा आपण परक्या माणसाच्या स्वाधीन करतो, तेव्हा त्या परक्याला आपण एक दानच करीत असतो; आणि द्रव्य बुडाले तर पुन्हा मिळवता येते, तसे हे दान कुपात्री पडल्यास भरून येत नाही.

हा प्रश्न आज नव्याने विचारात घेण्याचे कारण असे की, पात्र कोण हे सांगणारे एक साधन आपल्या हाती आले आहे. साकोली किंवा लाखांदूर येथील एखाद्या कुटुंबाला वडिलांना नागपुरास न्यावयाचे असेल, तर तेथील डॉक्टरचे नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीपटावर आहे की नाही, हे घरबसल्या मोबाइलवर पाहता येते. केंद्र शासनाने २०२१ साली देशभर सुरू केलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आरोग्यसेवकांची एक आणि आरोग्यसंस्थांची एक, अशा दोन नोंदवह्या उघडण्यात आल्या आहेत. इंग्लंड याही पुढे गेले आहे. तेथे २००९ पासून काम करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनकडे रुग्णालयेच नव्हेत, तर वृद्धांची निवासगृहे आणि घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थाही नोंदवाव्या लागतात. त्यांची तपासणी होते, त्यांस चार प्रतींपैकी एक प्रत दिली जाते आणि ही सारी माहिती जनतेस खुली असते. इतकेच नव्हे, तर ज्याला संगणकाची विद्या अवगत आहे त्याला ती माहिती घेऊन आपले स्वतःचे शोधसाधन तयार करण्याचीही तेथे मुभा आहे.

ही सोय लहान नव्हे. परंतु तिच्याबरोबर एक नैतिक प्रश्नही येतो. शोधले आणि नाव सापडले, म्हणजे आपला विश्वास सत्पात्री झाला काय? आणि झाला नसेल, तर नाव शोधून आपण नेमके काय केले?

नोंदवह्यांपूर्वी लोक काय करीत, हे प्रथम पाहू. झाडीपट्टीतल्या खेड्यात सुईण कोणती बोलवावी, हाड बसविणारा कोण बरा, ताप उतरत नसेल तर कोणाकडे जावे, याचा निर्णय ओट्यावर होई. अमकीच्या हातून दहा बाळंतिणी सुखरूप सुटल्या, तमक्याने पैसे घेतले पण गुण आला नाही, अशा अनुभवांची ती एक अलिखित वहीच होती. या वहीचा गुण असा की तिच्यात माणसाची पदवी नव्हे, तर त्याची वागणूक नोंदली जाई. दोष असा की ती ज्याच्या ओळखीची त्यालाच वाचता येई. नव्याने सासरी आलेली मुलगी, कामाच्या शोधात परगावी गेलेला मजूर, गावकुसाबाहेरचा माणूस, यांना ती वही बंदच असे. शिवाय ओळखीचा आधार जसा निपुण माणसाला मिळतो तसाच तो गोडबोल्या भोंदूलाही मिळतो. उलट, भोंदूचे सारे भांडवल ओळख हेच असते. बोगस डॉक्टर खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे टिकतो तो लोक मूर्ख असतात म्हणून नव्हे. तो अर्ध्या रात्री येतो, उधारीवर औषध देतो आणि घरच्यासारखा बोलतो म्हणून टिकतो. तेव्हा जुन्या काळी विश्वास खरा होता आणि आता तो लोपला, असा शोक करण्यात अर्थ नाही. जुना विश्वासही कित्येकदा कुपात्रीच पडत असे. फक्त त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

हा हिशेब ठेवण्याची कल्पना पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आली. इंग्लंडात १८५८ साली वैद्यक कायदा झाला, तेव्हा त्याच्या आरंभीच त्याचा हेतू सांगितला होता. ज्यांना औषधोपचाराची गरज आहे, त्यांना अधिकारी वैद्य कोण आणि अनधिकारी कोण हे ओळखता यावे, हा तो हेतू. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा हेतू वैद्याच्या बाजूने मांडलेला नाही. तो रोग्याच्या बाजूने मांडलेला आहे. नोंदवही ही धंद्याची मानचिन्हांची यादी नसून आजाऱ्याच्या हातातला दिवा आहे, अशी त्यामागची भूमिका होती. याच धर्तीवर मुंबई इलाख्यात १९१२ साली आणि भंडारा ज्यात मोडत होता त्या मध्यप्रांतात १९१६ साली वैद्यांच्या नोंदणीचे कायदे झाले. खासगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९४९ चा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा १९६५ चा.

परंतु दिवा लागला तरी तो ठेवला कोठे, हा प्रश्न राहतोच. नोंदणीपट छापील ग्रंथाच्या रूपाने मुंबई-नागपूरच्या कचेऱ्यांत राहिला. पवनी-तुमसरच्या शेतकऱ्याला त्याचे दर्शन होणे शक्य नव्हते. ज्याच्यासाठी वही निर्माण झाली त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही. म्हणून आजच्या शोधसाधनाचे खरे श्रेय असे की, शंभर वर्षांपूर्वी कायद्याने दिलेला अधिकार त्याने प्रत्यक्षात आजाऱ्याच्या हाती दिला. ज्ञान काही मोजक्यांच्या कपाटातून बाहेर पडून सर्वांच्या हाती येणे, ही स्वतंत्रपणे एक नैतिक प्रगती आहे. तिचे मोल कमी लेखणे हा कृतघ्नपणा होईल.

आता ही नोंद काय सांगते ते पाहू. ती सांगते की अमुक व्यक्तीने अमुक परीक्षा उत्तीर्ण केली आहे, तिचा नोंदणी क्रमांक अमुक आहे आणि तिचे नाव अद्याप पटावरून काढून टाकलेले नाही. महाराष्ट्रात डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी मधल्या काळात अध्ययन चालू ठेवल्याचे दाखवावे लागते, म्हणजे नोंद अगदीच शिळी राहू नये अशी व्यवस्था आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांचे पट निरनिराळे आहेत; दारावरच्या पाट्या मात्र पुष्कळदा सारख्याच दिसतात, तेव्हा कोणत्या पटावर पाहावयाचे हेही शोधणाऱ्याला ठाऊक असावे लागते. हे सर्व नीट जमले तरी नोंद एका मर्यादेपर्यंतच बोलते. ती मर्यादा आपल्या प्राचीन वैद्यकाने फार चांगली ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. पैकी वैद्याचे चार गुण म्हणजे शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ वेळा प्रत्यक्ष पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता. परिचारकाचे चार गुण म्हणजे उपचाराची माहिती, दक्षता, शुचिता आणि रोग्याविषयी अनुराग.

या आठ गुणांपैकी वहीत लिहिता येण्यासारखे किती आहेत? शास्त्रज्ञान परीक्षेने मोजता येते. अनुभव काही अंशी वर्षांच्या संख्येने सांगता येतो. परिचारकाची उपचाराची माहिती प्रमाणपत्राने दाखविता येते. पण दक्षता ही आज रात्री असते किंवा नसते. गेल्या वर्षीची दक्षता आज उपयोगाची नाही. आणि अनुरागाचे प्रमाणपत्र देणारी परिषद कोणत्याही देशात स्थापन झालेली नाही. म्हणजे ज्या गुणांवर असहाय माणसाचा जीव सर्वांत अधिक अवलंबून असतो, तेच नेमके नोंदीच्या बाहेर राहतात.

हे केवळ तर्काने सिद्ध होते असे नाही. इंग्लंडात ब्रिस्टल शहराजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे एक खासगी रुग्णालय होते. बुद्धीने मंद असलेल्या व आत्मकेंद्री वृत्तीच्या रुग्णांसाठी ते चालविले जाई. ते रीतसर नोंदलेले होते. २०११ साली बीबीसीच्या एका वार्ताहराने तेथे नोकर म्हणून राहून गुप्तपणे चित्रण केले, तेव्हा तेथील सेवक रुग्णांना मारहाण करीत, त्यांची विटंबना करीत, असे साऱ्या देशाने पाहिले. पुढे अकरा सेवकांना शिक्षा झाली व संस्था बंद पडली. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, तेथेच काम केलेल्या एका वरिष्ठ परिचारकाने नोंदणी करणाऱ्या आयोगाकडे आधीच तक्रार केली होती आणि तिची दखल घेतली गेली नव्हती. वहीतले नाव जागेवर होते; वहीकडे पाहणारा डोळा मात्र मिटलेला होता.

आणि दूर जाण्याचे तरी काय कारण? ९ जानेवारी २०२१ च्या उत्तररात्री भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात आजारी नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. या रुग्णालयाचे नाव कोणत्याही वहीत शोधण्याची त्यांच्या मातापित्यांना गरज नव्हती. सरकारी दवाखाना यापेक्षा मोठी नोंद ती कोणती? अशा कक्षात आईलाही सदैव बसू देत नाहीत. दाराबाहेर थांबलेल्या आईने आपले मूल काचेपलीकडच्या माणसांच्या स्वाधीन केलेले असते. मनुष्य मनुष्यावर जेवढा विश्वास टाकू शकतो तेवढा तो असतो. पुढे चौकशी झाली, काही अधिकाऱ्यांचे निलंबन झाले, काही सेवकांची नोकरी गेली, दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदविण्यात आला. दोष कोणाचा किती, हे ठरविणे न्यायासनाचे काम आहे. ते येथे करावयाचे नाही. राज्यातील सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचा आदेश शासनाने दिला. तरीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार येथील एका रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण दगावले. आदेश कागदावर पोचतो तितक्या त्वरेने तो विजेच्या तारेपर्यंत पोचत नाही.

असे का होते, याचे उत्तर भंडाऱ्याच्या वाचकाला आपल्याच जिल्ह्यातील तलावांकडे पाहून मिळू शकेल. कोहळी समाजाने येथे बांधलेले तलाव मालगुजारीच्या काळात गावाच्या नित्याच्या निगराणीत होते. मालगुजारी ही काही न्यायाची पद्धत नव्हती आणि ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण १९५० च्या कायद्याने ती संपली व तलाव शासनाच्या दप्तरी गेले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडली. मालक म्हणून शासनाचे नाव लागले आणि पाळ खचली तर ती बांधावयाची कोणी, हे कोणालाच कळेनासे झाले. गावकरी म्हणू लागले, तलाव सरकारचा आहे. सरकारचा माणूस तर गावात राहत नव्हता. पुष्कळ तलाव गाळाने भरले. नोंद झाली, आणि नोंद झाली म्हणूनच निगा सुटली. माणसाचा हा स्वभाव आहे की, एखाद्या गोष्टीचा भार वहीने उचलला असे दिसताच तो आपला खांदा काढून घेतो. शोधसाधनाचा खरा धोका हाच आहे. ते खोटे सांगते असे नाही; ते खरे सांगते आणि आपल्याला निश्चिंत करते.

तर मग नोंद निरुपयोगी समजावी काय? मुळीच नाही. नोंद विश्वास देऊ शकत नाही. पण ती जी एक गोष्ट देते ती विश्वासाइतकीच आवश्यक आहे. ती म्हणजे उत्तरदायित्व. नोंदलेल्या डॉक्टरला जाब विचारता येतो, त्याचे नाव पटावरून काढता येते. न नोंदलेला भोंदू या गावातून उठून त्या गावात बसतो. ब्रिटिश तत्त्वचिंतक ओनोरा ओनील यांनी २००२ साली बीबीसीवर दिलेल्या व्याख्यानमालेत या विषयाचे मर्म उलगडले आहे. लोकांचा विश्वास वाढवावा हे ध्येयच मुळी चुकीचे आहे, विश्वास योग्य जागी टाकला जावा हे खरे ध्येय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर विश्वास पुष्कळ असून भागत नाही, तो सत्पात्री असावा लागतो. आणि येथे गीतेतील ती तीन पदे पुन्हा उपयोगी पडतात. पात्र कोण, याचे अर्धे उत्तर वही देते. देश आणि काल, म्हणजे ही जागा कशी आहे आणि या घटकेला येथे जागे कोण आहे, याचे उत्तर ती देत नाही. ते आपल्या डोळ्यांनीच पाहावे लागते. भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र लावले आहे की नाही, २०२१ च्या नियमांनी सक्तीची केलेली रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दिसते की नाही, रात्रपाळीला किती माणसे असतात, संकटकाळी बाहेर पडावयाचे दार कुलूपबंद तर नाही, हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. तो विश्वासाचाच विवेक आहे.

मात्र एवढे सांगून थांबल्यास हा उपदेश सोयीचा होईल, न्यायाचा होणार नाही. पात्र पाहून विश्वास टाकावा हे सांगणे, ज्याला निवड आहे त्याच्यापुरतेच खरे आहे. शिकलेल्या, चार पैसे बाळगणाऱ्या कुटुंबाने नोंदणीपट चाळला, नावे पडताळली आणि साठ किलोमीटरवरचे नागपूरचे चांगले रुग्णालय निवडले, तर त्याने आपल्यापुरता विवेक केला हे मान्य. पण ज्या मजूर स्त्रीची मध्यरात्रीच्या कळांनंतर जिल्हा रुग्णालयावाचून दुसरी गती नाही, तिने कोणती वही उघडावी? तिच्या हाती विश्वास टाकणे किंवा न टाकणे हा पर्यायच नसतो. तिचा विश्वास हा विश्वास नसून निरुपाय असतो. आणि निरुपायाला सत्पात्र मिळवून देणे, हे तिचे नव्हे, समाजाचे काम आहे.

या दृष्टीने पाहता नोंदीच्या बाहेर कोण कोण राहिले आहे, याकडेही लक्ष गेले पाहिजे. घरी येऊन म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालणारी, रात्र रात्र बसून काढणारी बाई आज बहुतेक कोणत्याच पटावर नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करणारे जे विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले, त्यात वृद्धांची निवासगृहे आणि घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्था यांच्या नोंदणीची तरतूद होती. ते मंजूर होण्यापूर्वीच २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली व विधेयक लयाला गेले. या बाईची नोंद नाही याचा अर्थ तिला जाब विचारता येत नाही एवढाच नाही. तिच्यावर अन्याय झाला तर तिलाही दाद मागण्यास जागा नाही. गावोगाव फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीचे नाव २००५ पासून सरकारी यादीत आहे. पण स्वयंसेविका या नावाने, वेतनावर नव्हे तर मानधनावर. चरकाने ज्या अनुरागाला परिचारकाच्या गुणांत स्थान दिले, तो ज्यांच्यापाशी अपेक्षावयाचा त्यांच्याकडे समाज इतक्या कंजूषपणे पाहतो. थकलेल्या, तुटपुंज्या पैशांवर राबणाऱ्या माणसाकडून अखंड दक्षतेची अपेक्षा करणे हाही एक प्रकारचा कुपात्री विश्वासच आहे; फरक एवढाच की येथे अपात्रता घेणाऱ्याची नसून देणाऱ्याची असते.

तात्पर्य, नोंदवहीत नाव शोधणे हे कर्तव्याचे आरंभस्थान आहे, शेवट नव्हे. आपल्यासाठी ते शोधून, आपल्या माणसाची सोय लावून आपण ती वही मिटतो, तेव्हा तिचा अर्धाच उपयोग करतो. जिल्हा रुग्णालयात आपण जाणार नसलो, तरी तेथील अग्निसुरक्षेची तपासणी झाली काय, रात्री किती परिचारिका असतात, रिक्त जागा भरल्या काय, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिण्याइतके अक्षरज्ञान व सवड ज्याच्यापाशी आहे, त्याच्यावर ते विचारण्याची जबाबदारीही आहे. विंटरबोर्नच्या परिचारकासारखा एखादा आतला माणूस बोलू लागला, तर त्याच्या पाठीशी उभे राहणे हीही त्याच जबाबदारीची दुसरी बाजू. वही खरी राहते ती लिहिणाऱ्या कारकुनामुळे नव्हे; ती वाचणारे लोक तिच्यातल्या प्रत्येक नावाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारीत राहतात, म्हणून. भंडाऱ्याच्या त्या दहा मातांना कोणी विचारले नव्हते की तुमचा विश्वास आहे काय. तो प्रश्न त्यांच्या वतीने, त्या रात्रीच्या पुष्कळ आधी, इतर कोणीतरी विचारावयास हवा होता.